सोलापूर: शेवटचा दिवस गावालाच द्या

अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करायचं, मुक्काम तेवढा सोलापुरात टाकायचा आणि शेवटच्या दिवशी पहाटेच गाडी पकडून पळायचं, ही आपल्याकडची ठरलेली पद्धत. यंदा आम्ही परतीचं तिकीट सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं काढलं. ही गाडी रात्री साडेदहानंतर सुटते आणि सकाळी ठाण्या-दादरला पोचवते, त्यामुळे अख्खा दिवस हातात राहतो. लॉजवर आदल्या रात्रीच विचारून ठेवा, खोली सोडल्यावर सामान ठेवून घेतात का ते.

ऊन चढायच्या आत सिद्धेश्वराला जा. तळ्याच्या मधोमध देऊळ, पलीकडे किल्ल्याचे बुरूज. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची समाधी आवारातच आहे. त्यांनी वचनं लिहिली ती कन्नडमध्ये, आणि गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले भक्त नंदीध्वज घेऊन या लिंगांना प्रदक्षिणा घालतात. त्या दिवसांत यायचं तर खोली बरीच आधी ठरवा.

तिथून भुईकोट किल्ला जवळच. चांदबिबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं तेव्हा हा किल्ला आंदण दिला होता. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "आंदणात किल्ला! आमच्याकडे पितळेच्या घागरीवरून रुसवे झालेले." आत बाग आहे, वयस्कर माणसं निवांत बसू शकतात. तटावर मात्र सावली नाही. पाणी आणि टोपी हवीच.

पार्क चौकाजवळ चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये सोलापूर इतकं पेटलं की इंग्रजांना मार्शल लॉ पुकारावा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिली. मुलांना नावं मोठ्यानं वाचायला लावा. महापालिकेची इंद्रभुवन इमारत बाहेरून बघितली तरी पुरते. डॉ. कोटणीसांच्या स्मारकाला जायचं तर ते उघडं आहे का, हे आधी विचारून घ्या.

दुपारनंतर खरेदी. नवी पेठ, चाटी गल्लीत दुकानं भरपूर. पण चादर घ्यायची तर मी पूर्व भागात जा म्हणेन. हा तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचा भाग. दुकानदार आपल्याशी मराठीत, नोकराशी तेलुगूत आणि फोनवर हिंदीत बोलत होता. खरी जेकार्ड चादर उलटून बघा. नक्षी छापलेली नसते, विणतानाच उमटते, म्हणून मागच्या बाजूला तीच नक्षी रंग उलटे होऊन दिसते. एकाच बाजूला चित्र आणि हाताला गुळगुळीत स्पर्श, तर सोलापुरी म्हणून दुसराच माल खपवला जातोय असं समजा. चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा लेबल मागायला लाजू नका. वजनाचा अंदाज मात्र घ्या: पाच-सहा चादरी म्हणजे एक वेगळी बॅगच, आणि ती जिन्यावरून आपल्यालाच चढवायची असते.

गाडीतल्या जेवणासाठी कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेतली की काम झालं. भाकरी पापडासारखी मोडते, म्हणून सपाट डब्यात ठेवा. चटणी कुटलेली असल्यानं तिला तेल सुटतं. दोन पिशव्यांत गुंडाळून चादरींपासून लांब ठेवा.