तुम्ही विचारलंत म्हणून : सायबरमेन मुळात आले कुठून?

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेविषयी मी लिहू लागल्यापासून वाचक एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आले आहेत : सायबरमेन, म्हणजे शरीर यंत्रांनी बदलून भावनाही गमावून बसलेले मालिकेतले शत्रू, मुळात आले कुठून, आणि १९८७ सालच्या ‘द वर्ल्ड शेपर्स’ या मासिकातल्या चित्रकथेत त्यांच्या जन्माची जी कथा सांगितली आहे ती खरी धरावी का? मी ती खरी धरतो, मात्र सायबरमेन समजून घ्यायला ती एकटी पुरत नाही. असे का म्हणतो, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सायबरमेन पहिल्यांदा दिसले ते ऑक्टोबर १९६६ मध्ये, किट पेडलर आणि गेरी डेव्हिस यांनी लिहिलेल्या ‘द टेन्थ प्लॅनेट’ या चार भागांच्या कथेत. पेडलर पेशाने वैद्यकीय संशोधक होते. लंडन विद्यापीठाच्या नेत्रविज्ञान संस्थेतील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विभाग ते सांभाळत. त्या काळात शरीरात पेसमेकर बसवले जाऊ लागले होते, इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वी करून दाखवला होता, आणि माणसाच्या हृदयाचे माणसात पहिले प्रत्यारोपण जेमतेम वर्षभरावर आले होते. एकेक अवयव बदलत गेला तर माणूस कोणत्या टप्प्यावर माणूस राहणार नाही, या शंकेने पेडलर यांना ग्रासले होते आणि तिच्यातूनच पृथ्वीचा जुळा ग्रह मॉन्डास आकाराला आला. सूर्यापासून दूर गेलेल्या या ग्रहावरची माणसे तग धरण्यासाठी शरीराचे भाग धातूने आणि प्लॅस्टिकने बदलत गेली आणि अखेरीस भावना हा दुबळेपणा ठरवून त्यांनी तोही काढून टाकला. पडद्यावरच्या त्या पहिल्या सायबरमेनचे हात माणसाचेच होते आणि चेहऱ्यावर कापड ताणून बसवलेले होते. त्यांच्यातला एक जण पॉली या तरुणीला ऐकवतो की तुमच्या जगात ठिकठिकाणी माणसे मरत आहेत, तरी तुम्हाला त्यांची पर्वा नाही. हे बोलणारा शत्रू असला तरी त्याचे म्हणणे सहज खोडून काढता येत नाही, आणि माझ्या मते सायबरमेनचे सारे बळ इथे आहे.

आता ‘द वर्ल्ड शेपर्स’. ही मालिका ‘डॉक्टर हू मॅगझिन’च्या १२७ ते १२९ या तीन अंकांत आली. लेखन ग्रँट मॉरिसन यांचे. ते तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते आणि अमेरिकन कॉमिक्समधली त्यांची कीर्ती अजून पुढे होती. चित्रे जॉन रिजवे यांची, काळ्यापांढऱ्या बारीक रेषांची. सहावा डॉक्टर (मरणाऐवजी नवा देह घेणाऱ्या कालप्रवासी नायकाचे सहावे रूप), त्याची सोबतीण पेरी आणि पेंग्विनच्या रूपात वावरणारा रूपबदलू फ्रॉबिशर हे तिघे मरिनस ग्रहावर पोहोचतात. डॉक्टरच्याच कालप्रवासी जमातीतला एक टाइम लॉर्ड तिथे मरणासन्न आहे आणि ‘प्लॅनेट १४’ एवढेच तो सांगून जातो. १९६८ च्या ‘द इन्व्हेजन’ या कथेत सायबरमेनच्या यंत्रणेने डॉक्टर आणि त्याचा साथीदार जेमी यांना ‘प्लॅनेट १४’ वरून ओळखले होते, पण तो ग्रह कोणता आणि ती भेट कधी झाली, हे पडद्यावर कधीच आले नव्हते. मॉरिसन यांनी ही मोकळी राहिलेली गाठ उचलली. मरिनसवरचे व्होर्ड, म्हणजे १९६४ मध्ये टेरी नेशन यांनी एका कथेपुरते आणलेले काळ्या रबरी पोशाखातले मारेकरी, काळाला प्रचंड वेग देणाऱ्या ‘वर्ल्डशेपर’ यंत्राच्या साहाय्याने स्वतःची उत्क्रांती घडवत आहेत. त्यांचे सायबरमेन होणार आहेत आणि मरिनसचा मॉन्डास.

पृथ्वीचा जुळा ग्रह आधी मरिनस कसा असेल, असा आक्षेप तुमच्यापैकी अनेकांनी घेतला आहे. तो योग्य आहे, पण माझा आक्षेप निराळा आहे. पेडलर यांच्या मॉन्डासवर माणसे एकेक पाऊल टाकत तिथवर जातात आणि प्रत्येक पावलाला त्यांच्यापाशी पटण्यासारखे कारण असते. मॉरिसन यांच्या कथेत तो सारा प्रवास यंत्र एका झटक्यात उरकते, शिवाय व्होर्ड आधीपासूनच क्रूर आहेत. क्रूर जमात अधिक क्रूर झाली, एवढेच मग हाती उरते, आणि साध्या माणसांनी हे का पत्करले असेल, हा मूळचा प्रश्न बाजूला पडतो.

तरीही मी ही कथा वाचायला सांगतो, ती जेमीसाठी. डॉक्टर त्याला आणायला अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये जातो, तेव्हा जेमी म्हातारा झालेला असतो. १९६९ मध्ये त्याला घरी परत पाठवताना टाइम लॉर्डांनी डॉक्टरसोबतच्या प्रवासांच्या त्याच्या आठवणी पुसल्या, असे प्रेक्षकांनी पाहिले होते. मॉरिसन सांगतात की त्या पुसल्या गेल्याच नाहीत. तारे पाहून आलेला हा माणूस गावात वेडा जेमी म्हणून ओळखला जातो, कारण त्याने जे सांगितले ते कोणाला खरे वाटणे शक्यच नव्हते. मॉरिसन स्वतः ग्लासगोचे. या पानांत त्यांची लेखणी जशी मायेने चालते तशी व्होर्डांच्या पानांत चालत नाही, असे मला वाटते. पुढे जेमी ते यंत्र नष्ट करतो आणि त्याच्याभोवती उसळलेल्या काळात जर्जर होऊन मरतो. ज्याच्याकडे आठवणींखेरीज काहीच उरलेले नव्हते असा माणूस, आणि स्वतःतली भावना पुसून टाकणारी जमात, यांना समोरासमोर आणण्याइतकी नेमकी कल्पना मला सायबरमेनच्या दुसऱ्या कोणत्याही चित्रकथेत सापडलेली नाही.

आणि मग शेवट. टाइम लॉर्ड डॉक्टरला हस्तक्षेप करू देत नाहीत. लक्षावधी वर्षांनंतर हेच सायबरमेन देह सोडून शुद्ध विचाररूप होतील आणि विश्वात शांततेची शक्ती ठरतील, म्हणून त्यांना वाढू द्यावे, असा त्यांचा हिशेब आहे. त्या दूरच्या शांततेपर्यंत जी जगे होरपळतील, त्यांना यात कुठेच स्थान नाही. जेमीच्या मृत्यूला लागूनच हा हिशेब येतो, त्यामुळे तो वाचताना मला संताप येतो. वर्ष कितीही उलटली तरी तो कमी झालेला नाही. भावना वजा करून विचार करणारे या कथेत एकटे सायबरमेन नाहीत, हे मॉरिसन यांनी कोणाच्याही तोंडी न घालता दाखवले आहे.

पुढे इतरांनीही या जन्मकथेला हात घातला. त्याच मासिकात १९९४ पासून अॅलन बार्न्स आणि एड्रियन सॅमन यांची एकेका पानाची मालिका मॉन्डासच्या प्राचीन काळात शिरली. तिची ठसठशीत चित्रे मला कथानकापेक्षा अधिक लक्षात राहिली. मार्क प्लॅट यांचे २००२ मधले ध्वनिनाट्य ‘स्पेअर पार्ट्स’ मात्र मी सगळ्यांच्या वर ठेवतो. मॉन्डासच्या भूगर्भातल्या शहरात काटकसरीने जगणाऱ्या हार्टली कुटुंबातली इव्हॉन अर्धवट सायबर होऊन आपल्या बापाच्या दारात परत येते, तो प्रसंग ऐकल्यावर पेडलर यांना काय म्हणायचे होते हे वेगळे समजवावे लागत नाही.

यातली कोणती कथा अधिकृत, यावर २०१७ मध्ये मालिकेचे तेव्हाचे प्रमुख लेखक स्टीव्हन मॉफट यांनी पडद्यावरच उत्तर दिले. कृष्णविवराजवळ अडकलेल्या ४०० मैल लांबीच्या जहाजावर, जिथे वरच्या टोकाला काही मिनिटे जातात तोवर खालच्या टोकाला वर्षे उलटतात, तिथे सायबरमेन नव्याने घडतात. बारावा डॉक्टर मॉन्डास, टेलॉस, पृथ्वी, प्लॅनेट १४ आणि मरिनस अशी ग्रहांची नावे घेतो आणि सांगतो की जिथे माणसे असतात तिथे हे होतच राहते. मरिनसचे नाव त्या यादीत आहे, म्हणून मी मॉरिसन यांची कथा खरी धरतो. पानिनी या प्रकाशनसंस्थेने २००८ मध्ये ती त्याच नावाच्या संग्रहात पुन्हा छापली आहे. पण आधी ‘स्पेअर पार्ट्स’ ऐका आणि मगच ती वाचा.