तुम्ही विचारलंत म्हणून: किराणा का नाही, वाद्याला पैसे का?

ठाण्यात आम्ही काही मित्र दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला ठेवतो. कुणा वादकाचं वाद्य बंद पडलं की त्यातून दुरुस्तीला द्यायचे, परत मागायचे नाहीत. हे ऐकलं की लोक हमखास विचारतात, "घरात अडचण आहे ना त्यांच्या? मग किराणा भरून द्या. वाद्याला कसले पैसे देता?"

याचं उत्तर मला ऐरोलीकडच्या एका बेंजोवाल्यामुळे सापडलं.

आगरी-कोळी हळदीला गेलेल्यांना बेंजो काय ते सांगायला नको. एका हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या. याचा पूर्वज ताइशोगोतो, १९१२ साली जपानात नागोयाला जन्मलेला. आपल्याकडे त्याचं बुलबुलतरंग झालं, मग कुणीतरी तारांचा आवाज उचलणारा पिकअप बसवून ते अॅम्प्लिफायरला जोडलं, आणि आता बेंजोशिवाय हळद रंगत नाही. कलेसाठी मदत म्हटलं की अजूनही कित्येकांच्या डोळ्यांसमोर तानपुराच येतो. बेंजो येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तर या ऐरोलीकडच्या दादांचा पिकअप गेला, तोही तुळशीचं लग्न झाल्यावर, ऐन सुपाऱ्यांच्या, म्हणजे वाजवायच्या कामांच्या दिवसांत. अॅम्प्लिफायरही खरखरत होता. सगळी दुरुस्ती ३,२०० रुपयांची. एका हळदीचे त्यांच्या वाट्याला १,५०० यायचे, त्यातले ८०० भाड्याच्या बेंजोत जायचे. चार हळदींचं भाडं म्हणजे पुरी दुरुस्ती! पण ३,२०० एकरकमी कधी हातात राहिलेच नाहीत. आमच्याकडे येईपर्यंत अकरा सुपाऱ्या भाड्याच्या वाद्यावर वाजवून झाल्या होत्या. किराणा दिला असता तर महिनाभर चूल पेटली असती, भाडं मात्र चालूच राहिलं असतं.

म्हणून आमचा सगळा जोर वेळेवर असतो. पावसाळी हवेत तबला उतरतो, पान म्हणजे वरचं कातडं सैल पडतं. पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, भात्याला चीर पडली की हवा धरत नाही. आणि याच दिवसांत श्रावणातली भजनं, मागोमाग गणपती. दिवाळीनंतर मिळालेल्या पैशांनी ते दिवस परत येत नाहीत.

सरकारचं वृद्ध कलावंतांसाठी मानधन आहे, २०२४ पासून महिना ५,००० रुपये. त्याचा आधार मोठाच आहे. पण पस्तिशीतल्या ढोलकीवाल्याचं पान आज फाटलं, तर त्याने कुणाकडे जायचं?

२००५ मला विसरता येत नाही. २६ जुलैच्या पाण्यात आमच्या ओळखीतल्या दोन पेट्या आणि एक डग्गा गेला. पेट्यांचा डिंक सुटून फळ्या वेगळ्या झाल्या होत्या. महिनाभराने अमेरिकेत कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं, तेव्हा म्युझिकेअर्स या अमेरिकी संस्थेने कलाकारांसाठी मदतनिधी उभा केला आणि त्यातून बुडालेली वाद्यंही पुन्हा घेऊन दिली. आमच्या पेटीवाल्यांपैकी एक पुढे कुरिअरच्या कामाला लागला. त्याने पेटी पुन्हा घेतली नाही.

अर्ज आम्ही अर्ध्या पानाचा ठेवलाय. प्रमाणपत्रं, सत्काराचे फोटो काही मागत नाही. दुरुस्ती करणाऱ्याने लिहून दिलेला अंदाज पुरतो, आणि पैसे थेट त्यालाच जातात. वादकाला कुणापुढे हात पसरल्यासारखं वाटू नये, एवढं आम्ही जपतो.

सध्या कळव्याच्या एका भजनी मंडळाचा पखवाज मढवायला दिलाय. गणपतीच्या आधी हातात देतो, असं मढवणारे काका म्हणालेत.