माडीवर सुकणारी द्राक्षे

इटलीतल्या व्हेरोनात दोन दिवस काढले, परंतु ज्युलिएटच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या सज्जाखालच्या गर्दीत माझे मन रमले नाही. तिसऱ्या दिवशी वाल्पोलिचेल्लाच्या टेकड्यांमध्ये, नेग्रारजवळच्या एका कुटुंबाच्या वाइनरीत गेलो आणि तिथल्या माडीची पहिली पायरी चढताच जो वास आला, त्याने मला थेट आमच्या तासगावच्या बेदाणा शेडमध्ये नेऊन उभे केले.

नोव्हेंबर संपत आला होता. माडीवर कोर्विना, कोर्विनोने आणि रोंदिनेल्ला या द्राक्षांच्या जातींचे घड पेट्यांमध्ये एकाच थरात, एकमेकांवर दाब पडू नये अशा बेताने मांडलेले होते. पूर्वी हेच घड बोरूच्या चटयांवर पसरत असत. आमच्याकडे द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, त्यामुळे सालीवरचे मेण विरळ होऊन दोनेक आठवड्यांत बेदाणा तयार होतो. इथे मात्र घडांना काहीही लावत नाहीत. थंड, वाहत्या हवेत ते तीन-चार महिने सावकाश सुकतात, त्यांचे वजन तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक घटू शकते आणि साखर व रंग आत दाटत जातात. मालकीणबाई रोज बुरशी लागलेले मणी हाताने काढून टाकतात. बागायतदाराच्या घरात वाढल्यामुळे इतके वजन आपणहून जाऊ देण्याचे धैर्य मला फार मोठे वाटले.

हिवाळ्यात ही सुकलेली द्राक्षे चिरडली जातात आणि थंडीमुळे त्यांचे किण्वन फार धिमे चालते. ते मध्येच थांबवले तर रेचोतो ही गोड वाइन मिळते. जवळजवळ सगळी साखर मद्यार्कात उतरू दिली तर आमारोने ही कोरडी वाइन. ‘आमारो’ म्हणजे कडू. १९३६ साली नेग्रारच्या सहकारी वाइनरीत रेचोतोचे एक पिंप विसरले गेले आणि त्यातून हे नाव जन्मले, अशी कथा तिथे सांगतात. त्यानंतर आमारोनेला किमान दोन वर्षे मुरावे लागते, ‘रिझेर्वा’ या अधिक मुरवलेल्या प्रकाराला चार.

आदल्या दिवशी एका मोठ्या दुकानात दहा मिनिटांत चार वाइन चाखवून आम्हाला बाहेर काढले होते, त्याचे मला अजून वाईट वाटते. इथे मात्र मालकीणबाईंनी २००९ सालच्या सुगीची आमारोनेची बाटली दोन तास आधीच उघडून ठेवली होती. कडेला विटकरी झालेला लाल रंग, सुक्या चेरीचा आणि तंबाखूच्या पानाचा गंध, प्रथम गोडाचा भास आणि मग जिभेवर रेंगाळणारा कोरडा कडवटपणा! ती वाइन घाईने पिणे मला शक्यच नव्हते.

निघण्यापूर्वी परवानगी घेऊन मी रिकामा पेला हातात धरून पुन्हा माडीवर गेलो. आधी पेटीतल्या घडांचा वास घेतला, नंतर पेल्याचा. सुक्या चेरीच्या आणि तंबाखूच्या मागे तोच माडीवरचा वास मला स्पष्ट ओळखता आला.