पाणखोल जुव्यापुढचा फाटा

लग्नात आहेर म्हणून आलेला सहा काट्यांचा डबा आमच्याकडे एकवीस वर्षं न उघडता पडून होता. आमच्या घरी जेवण हातानेच. बांगड्याचा काटा बोटांना कळतो, त्याला स्टीलच्या काट्याचा उपयोग नाही. गेल्या पावसाळ्यात माळा आवरताना तो डबा हाती आला आणि मी त्यातला एक काटा घेऊन खिडकीशी बसले.

कारण डोक्यात एक फोटो होता. आंद्रे केर्तेस या मूळच्या हंगेरीच्या छायाचित्रकाराने १९२८ साली पॅरिसमध्ये काढलेला. ताटलीच्या काठावर टेकवलेला एक काटा आणि त्याची सावली, एवढंच. तो पाहिला की मला वाटतं, घरातल्या कुठल्याही वस्तूकडे इतक्या मायेनं बघता आलं पाहिजे.

माझा पहिला अख्खा दिवस चकाकण्याशी झगडण्यात गेला. स्टीलमध्ये खिडकी दिसायची, माझी साडी दिसायची. शेवटी खिडकीवर पांढरा पंचा टांगला तेव्हा चकाकी निवली, पण सावलीही गेली. पंचा काढून रात्री टॉर्च घेतला. टॉर्च बाजूने खाली धरला की चारही दातांच्या सावल्या एकमेकींत मिसळून एक जाड पट्टा होतो. तोच दांड्याच्या दिशेने, थोडा वर धरला की चार दात वेगवेगळे उमटतात. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

इंग्रजीत काट्यालाही ‘फोर्क’ आणि वाटेच्या फाट्यालाही ‘फोर्क’च. मग जिथे तिथे मला दोन वाटा दिसू लागल्या. आंब्याची बेचकी, विहिरीच्या भिंतीवर चढणाऱ्या वेलीचे धागे. रत्नागिरीला जाताना हातखंब्याचा तिठा लागतो, तिथे गाडी थांबवून फोटो काढला, पण जमिनीवरून तिठा तिठ्यासारखा दिसत नाही. त्याला उंची हवी.

रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या किनाऱ्यावर मात्र उंची लागत नाही, गुडघे टेकावे लागतात. तिथल्या वाळूत इल्मेनाइट या जड खनिजाचे काळे कण आहेत. ओहोटी लागली की वाळूत मुरलेलं पाणी पाझरून बाहेर येतं आणि उतारावरून समुद्राकडे निघतं. हलकी पांढरी वाळू पुढे जाते, जड काळे कण मागे राहतात आणि वाळूवर काळ्या रेघांची झाडं उमटतात. वर बारीक धारा एकत्र येऊन खोड होतं, खाली तेच खोड पुन्हा फुटून पसरतं. वीतभर जागेत उगमापासून मुखापर्यंतची सगळी नदी! भर दुपारी काढलेले फोटो सपाट आले. तिरपं ऊन हवं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आमच्याकडे भरती दुपारच्या सुमारास असते, म्हणजे संध्याकाळच्या उन्हात ओहोटी सापडते. हल्ली कॅलेंडरवर मी तिथी बघते ती यासाठी.

आणि पाणखोल जुवा. गड नदी कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते, त्या खाडीतलं, मालवण तालुक्यातल्या हडी गावचं हे बेट. नदी-खाडीतल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. जुव्याच्या समुद्राकडच्या टोकाचा फोटो मी एका दिवाळी अंकाला ‘फाटा’ असं नाव लिहून पाठवला होता. छापताना त्यांनी न विचारता ‘संगम’ केलं. मला फार लागलं. मी स्वतः तिथे उभी होते, पाणी दुभंगताना पाहिलं होतं, आणि कोणीतरी टेबलावर बसून ते उलटं करतं!

मे महिन्यात यजमानांच्या काकांनी होडीतून नेलं तेव्हा मी त्यांच्यापाशी तक्रार केली. ते म्हणाले, “थांब गो जरा. ओहोटी लागली काय हयच दोनय बाजूंचा पाणी एक होताला.”

आम्ही थांबलो. भरतीचं पाणी समुद्राकडून आत येत होतं, जुव्याच्या टोकाला आपटून दोन्ही अंगांनी वर चढत होतं. मग हळूहळू मंदावलं. एक नारळाची सोडण जागच्या जागी गोल फिरत राहिली. कांदळाच्या मुळांवरची ओली रेघ उघडी पडू लागली तशी ती सोडण वळली आणि समुद्राकडे निघाली. आता दोन बाजूंनी येणारं पाणी त्याच टोकापाशी मिळत होतं, मधोमध फेसाची बारीक शिवण पडली होती. सकाळचा फाटा दुपारी संगम झाला होता. फोटोत पाण्याचा आकार होता, दिशा नव्हती. त्या संपादकांवरचा माझा राग तिथेच उतरला.

मी काकांना विचारलं, दिशा फोटोत आणायची कशी? त्यांनी समोर एकाच दोरावर नांगरलेली होडी दाखवली. नांगरलेली होडी वाहत्या पाण्याकडे तोंड करून उभी राहते. सकाळी तिचं तोंड समुद्राकडे होतं, आता गावाकडे.

आता माझ्याकडे दोन फोटो आहेत. जागा तीच, ट्रायपॉड तोच, मध्ये साधारण सहा तास. कांदळ, माड, जुव्याचं टोक सगळं सारखं. फक्त ती होडी फिरलेली आहे. दोन्ही एकाच चौकटीत, एकाखाली एक लावून काकांच्या ओटीवर टांगलेत.