परक्याच्या जागेवर बसून

९ सप्टेंबर, मंगळवार

आज नववीच्या वर्गात १७ सप्टेंबरच्या भाषणांची तयारी घेतली. मुक्तिसंग्राम दिनाला सात मुलांनी नावं दिली आहेत. पहिला उठला, "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो..." दुसऱ्याचंही तेच. तिसरा बोलायला लागला तेव्हा मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण ते भाषण माझं होतं. दहा वर्षांपूर्वी एका मुलाला लिहून दिलं होतं, तेव्हापासून ते वह्यावह्यांतून फिरतंय. जुलमी निजाम, अमानुष रझाकार, पोलादी पुरुष सरदार. त्यातलं एक अक्षर खोटं नाही. पण त्यात माणूस कुठंच नाही.

मी विचारलं, १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या राज्यात आली, तेव्हा पहिली लढाई कुठं झाली? कुणाला सांगता आलं नाही. आमची शाळा नळदुर्गपासून एसटीनं वीस मिनिटांवर आहे. ती लढाई नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल उडवला जायच्या आत फौजेनं शाबूत ताब्यात घेतला म्हणून पुढची वाट मोकळी झाली. हे ऐकल्यावर मुलांचे डोळे जरा हलले. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आपल्या नळदुर्गला?" या एका शब्दासाठी, "आपल्या"साठी, मी रात्री जागून हे लिहितेय.

१० सप्टेंबर, बुधवार

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये पेपरवरून वाद झाला. एक सर म्हणाले की देशात जे काही बिघडतं त्यामागं बाहेरचा पैसा असतो, आंदोलन असो की निवडणूक. दुसरे म्हणाले, परकीय हात हा सरकारांचा जुना बहाणा, सत्तरच्या दशकापासून ऐकतोय. दोघं चिडले, घंटा झाली, विषय तिथंच राहिला.

मला दोघांचंही पटलं नाही. बाहेरचा हात असतोच. कुठलं बलाढ्य राज्य शेजारच्या दरबारात आपला माणूस असावा असं म्हणणार नाही? पण "परकीय हात" हे दोन शब्द उच्चारले की आपल्याला शोध संपल्यासारखं वाटतं. खरं तर तो तिथून सुरू व्हायला हवा. हात कुणाचा, त्यात काय आहे, कुणाच्या खिशातून आलंय, आणि आपल्यातल्या कुणी हात पुढं करून ते घेतलंय?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यांनाच नकोसा असतो. परकीय देणग्यांचा कायदा आपल्याकडं १९७६ ला, आणीबाणीत झाला. २०१० ला नवा आला. संस्थांसाठी तो वरचेवर कडक होत गेला. राजकीय पक्षांचं काय झालं ते मात्र फार लोकांना माहीत नाही. २०१४ ला दिल्ली उच्च न्यायालयानं काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी परकीय देणगी घेऊन हा कायदा मोडल्याचं म्हटलं. त्यानंतर २०१६ च्या वित्त कायद्यातून "परकीय" या शब्दाची व्याख्याच बदलली, आणि २०१८ ला तो बदल थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागं नेला. म्हणजे जे काल परकं होतं ते कागदावर आपलं झालं, तेही बेचाळीस वर्षं मागच्या तारखेनं. मला याचा राग आहे. एरवी एकमेकांवर बाहेरच्यांशी संधान बांधल्याचे आरोप करणाऱ्यांची ही तरतूद संसदेतून किती सहज पार पडली!

रात्री जेवताना रोमानियाचं आठवलं. २०२४ च्या नोव्हेंबरात तिथं अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत कुणाच्या ध्यानीमनी नसलेला उमेदवार पुढं आला. मोबाईलवरचा त्याचा प्रचार बाहेरून फुगवला गेल्याचा संशय होता. ६ डिसेंबरला तिथल्या घटनात्मक न्यायालयानं अख्खी निवडणूकच रद्द केली. काहींच्या मते न्यायालयानं देश वाचवला, काहींच्या मते लोकांचं मत हिरावलं. माझं मन अजून दोन्हीकडं ओढलं जातं. फसवून घेतलेलं मत माझं असतं की नसतं?

११ सप्टेंबर, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायचं आहे.

पुस्तक बाजूला ठेवून १८५३ चा तह शिकवला. १७९८ पासून निजामानं ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज घेतलेली, म्हणजे राखणीला फौज कंपनीची, खर्च निजामाचा. त्या कराराची एक अट अशी की निजामाच्या पदरी असलेले फ्रेंच अधिकारी काढून टाकायचे. म्हणजे एका परक्यानं दुसऱ्या परक्याला दारातून घालवलं आणि स्वतः ओसरीवर बसला. पुढं हैदराबाद कंटिंजंट नावाची वेगळी फौज उभी राहिली. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, खर्च निजामाच्या तिजोरीतून. पैसे थकत गेले, कर्ज वाढत गेलं, आणि १८५३ ला त्या कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडं गेला. नळदुर्गात मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी कारभार बघायला येऊन बसला. १८६० ला धाराशिव आणि रायचूर परत मिळालं. वऱ्हाड मात्र कधीच नाही. १९०२ ला तर ते वर्षाला २५ लाखांवर कायमच्या पट्ट्यानं देऊन टाकलं.

मुलं मान डोलवत होती. मी विचारलं, "निजामानं असं का होऊ दिलं?" उत्तर आलं, "इंग्रज कपटी होते." झालं, पुन्हा भाषण.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिचे आईवडील दरवर्षी दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्याला जातात, ती आजीपाशी राहते. एरवी वर्गात तिचा आवाज येत नाही. ती म्हणाली, "मॅडम, ही तर उचल हाय."

मी म्हटलं, सांग की.

"मुकादम आधीच पैसं देतो. घरात लग्न आसतं, दवाखाना आसतो, आपन घेतो. मग सीझनभर तोडलं तरी फिटत न्हाई. बाकी ऱ्हाती. पुढच्या साली परत त्याच्यासंगंच जावं लागतं. आन मुकादम म्हनतो, मी कुठं जबरदस्ती केली, अंगठा तुमीच दिला."

वर्ग चिडीचूप झाला. वीस वर्षं मी तैनाती फौज शिकवतेय, पण ती इतकी स्वच्छ मला एकदाही सांगता आली नव्हती.

मग मी सगळ्यांना वही काढायला लावली. तुम्ही हैदराबादचे इंग्रज रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातले कंपनीचे प्रतिनिधी आहात, कलकत्त्याला पत्र लिहा. निजामाबद्दल तुम्हाला काय वाटतं ते खरंखरं लिहा. कपटी माणूस स्वतःला कपटी म्हणत नसतो, एवढं ध्यानात ठेवा. एक नियम घातला. कल्पनेचं दावं हवं तेवढं लांब सोडा, पण खुंटी पक्की पाहिजे. प्रत्येक कल्पना शिकवलेल्या एका तरी खऱ्या गोष्टीला बांधलेली हवी.

आपल्या शाळांत कल्पना म्हणजे कल्पनात्मक निबंध. "सूर्य उगवला नाही तर", "मी पंतप्रधान झालो तर". तेही गाईडमधून पाठ. त्यामुळं मुलांना वाटतं की कल्पना म्हणजे हवेत उडणं, आणि इतिहास म्हणजे सनावळी. दोन्हींची गाठ आपण कधी घालूनच देत नाही.

निम्म्या वह्यांत काही हाती लागलं नाही, हे खरं आहे. एकानं रेसिडेंटच्या तोंडी "मी दुष्ट आहे, मी भारत लुटणार" असं लिहिलं. पण त्या मुलीनं लिहिलं होतं, "निजामाचं वाईट व्हावं असं मला वाटत न्हाई. तो राजाच ऱ्हावा. फक्त काही करायच्या आधी त्यानं माझ्याकडं बघावं." मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. कुठल्याही देशाच्या सरकारवर बाहेरचा वचक कसा बसतो, हे याहून थोडक्यात मला सांगता येणार नाही.

एका मुलाला प्रश्न पडला, सगळे इंग्रज एकाच मताचे होते का? नव्हते. हैदराबादेत पामर कंपनी नावाची पेढी होती, ती निजामाच्या सरकारला जबर व्याजानं कर्ज द्यायची. तिच्या भागीदारांपैकी एकाची बायको गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या घरात वाढलेली. १८२० ला मेटकाफ रेसिडेंट होऊन आला आणि त्यानंच या पेढीविरुद्ध आवाज उठवला. इंग्रजच इंग्रजाच्या आड आला! मुलांना याचं फार नवल वाटलं. "ते लोक" म्हणून ज्यांची एकच मोट बांधतो, त्यांच्यातही भांडणं असतात, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज वर्गात सुरक्षा परिषद भरवली. हैदराबादनं २१ ऑगस्ट १९४८ ला संयुक्त राष्ट्रांकडं तक्रार केली होती, आम्ही स्वतंत्र राज्य आहोत आणि भारत आमच्यावर चालून येतोय. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषदेपुढं ती आली, तेव्हा इकडं नळदुर्ग पडून तीन दिवस झाले होते. आठ देशांनी विषय चर्चेला घ्यावा असं मत दिलं, तिघं तटस्थ राहिले. रामस्वामी मुदलियार भारताच्या बाजूनं बोलत होते, हा आमचा घरचा प्रश्न आहे म्हणून. १७ ला निजामानं शरणागती पत्करली, २२ ला तक्रार मागं घेतली.

गट पाडायला सांगितले आणि मी फळ्यावर लिहायला वळले. वळून बघते तर वर्गातली चारही मुस्लीम मुलं हैदराबादच्या बाकावर. त्यांना कुणी ढकललं नव्हतं. त्यांनीही कुरकूर केली नव्हती. आपसूक झालं. हातातला खडू तसाच राहिला माझ्या. मी बोलत होते देशाच्या कारभारातल्या परक्यांबद्दल, आणि माझ्याच वर्गात परकं कोण हे चौदा वर्षांच्या पोरांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. दरवर्षी माझंच भाषण ऐकत मोठी झालेली ही पोरं!

गट मोडले. चिठ्ठ्या टाकल्या. त्या चौघांपैकी एक जण भारताचा प्रतिनिधी झाला, आणि सरपंचांचा मुलगा निजामाचा.

सरपंचांचा मुलगा आधी हसला, मग अडकला, मग त्याला आपोआप मुद्दे सुचायला लागले. "तुम्ही आमची नाकेबंदी केली. जैसे थे करार केला आणि वर्ष व्हायच्या आत फौज आणली." भारताचा प्रतिनिधी उठला, "तुम्ही पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज दिलं. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानानं तुम्हाला शस्त्रं आणतो. आणि तुमचे रझाकार गावं जाळतात, ते कुणाच्या घरचं?" मग मी दोन गोष्टी मध्ये टाकल्या. निजामाचा घटनेबाबतचा सल्लागार वॉल्टर मॉन्कटन, इंग्रज. आणि ज्या भारतीय फौजेनं हैदराबाद घेतलं तिचा तेव्हाचा सरसेनापती रॉय बुचर, तोही इंग्रजच. दोन्ही बाजूंची मुलं एकमेकांकडं बघत राहिली.

मग मी मुल्की-गैरमुल्की, म्हणजे इथले आणि बाहेरचे, हा वाद सांगितला. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी कारभार सुधारायला उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं आणली आणि हैदराबादेत तक्रार सुरू झाली की नोकऱ्या बाहेरचे खातात. त्या माणसांचा धर्म दरबाराचा, भाषा दरबाराची, तरी ती गैरमुल्की. पुढं निजामाचं राज्य गेलं, तरी १९५२ ला हैदराबादेत विद्यार्थी त्याच मुद्द्यावर रस्त्यावर आले. परका कोण याची रेघ दर पिढीत सरकत राहिली.

शेवटी ज्याची मला भीती वाटत होती तेही बोलले. पोलीस कारवाईनंतर, म्हणजे फौजेनं हैदराबाद घेतल्यावर काय झालं, ते माझ्या भाषणात कधीच नव्हतं. सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं जास्त होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यात आपला जिल्हा आहे. मुसलमान मारले गेले, किमान २७ ते ४० हजार असा त्यांचा अंदाज होता. तो अहवाल कितीतरी दशकं दडून राहिला. रझाकारांनी केलेलं मी एक शब्दही कमी करून सांगितलं नाही, आणि हेही नाही.

भारताचा प्रतिनिधी झालेला मुलगा हळूच म्हणाला, "आमची पणजी तवा माहेरी गेल्ती. परत यायला तिला दोन वर्षं लागली म्हनत्यात." सरपंचांच्या मुलानं विचारलं, "माहेर कुठलं?" "तुमचंच गाव." त्यानंतर कुणी काही बोललं नाही. मीही नाही. घंटा झाली तरी मुलं बसून होती.

रात्री उशिरा

उद्या १३ तारीख, शनिवार, सकाळची शाळा. अकराच्या एसटीनं नळदुर्गला जायचं ठरलंय, बोरीकाठी. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, पण पालकांच्या सह्या हव्यात म्हणाले. अठ्ठावीस आल्या, तीन राहिल्यात. त्यातली एक त्या मुलीची. तिच्या आजीला लिहिता येत नाही. अंगठा चालेल, असं मी तिला सांगून पाठवलं. वाक्य तोंडातून गेल्यावर ती माझ्याकडं बघत राहिली, आणि माझ्याही लक्षात आलं. सकाळी मीच तिच्या घरी जाईन. कागदावर काय लिहिलंय ते आजीला आधी वाचून दाखवते.