रिपोर्टात फाटलेलं कोपर

गोव्यातल्या माशेलच्या चिखलकाल्याला यंदा मी नुसता बघायला गेलो होतो. देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात पोरं चिखलात लोळत होती. कुणीतरी 'या हो पेटीवाले' म्हणून ओढलं आणि पन्नाशीतला हा गृहस्थ डाव्या तळहातावर आपटला. कोपरामागे भलतंच टोक वर आलेलं बघून घेरीच आली. डावा हात म्हणजे माझा भात्याचा हात.

फोंड्याला डॉक्टरांनी गुंगी देऊन सांधा बसवला. नंतरच्या एक्स-रेत हाडं जागेवर, सीटीत कुठे तडा नाही. सुटलो म्हटलं. पण डॉक्टर बाजूनं काढलेल्या फिल्मवर दंडाचं हाड आणि अल्ना (कोपराखालच्या दोन हाडांपैकी एक) यांच्यातली फट मोजत बसले. चार मिलिमीटरच्या वर. एक्स-रेत लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी दोरी, दिसत नाही, पण ती फट चुगली करते, म्हणाले.

मग एमआरआय. तिथला मुलगा म्हणाला, पालथं झोपून हात डोक्यावर ताणा. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं! शेवटी उताणं झोपून हात अंगालगतच ठेवला. तसा हात मशीनच्या कडेला जातो, चित्र थोडं गढूळ येतं. तरी जे दिसायचं ते दिसलं. चांगलं लिगामेंट काळ्या दोरीसारखं दिसतं आणि पाणी, सूज पांढरी. माझ्या कोपराच्या बाहेरच्या बाजूची दोरी दंडाच्या हाडापासून सुटून उंदरानं कुरतडलेल्या सुतळीसारखी पडली होती, भोवती सगळं पांढरं. आतल्या बाजूचं अर्धवट. रिपोर्टात 'पूर्ण फाटलेलं' वाचून आमची ही देवाला गाऱ्हाणं घालून आली, मी ऑपरेशनच्या खर्चाची जुळवाजुळव मांडली.

डॉक्टर मात्र थंड. "भिवपाची गरज ना, घाबरू नका. कोपर निखळलं म्हणजे लिगामेंट फाटणारच, बऱ्याचदा बाहेरून सुरुवात होऊन आत जातं. प्रश्न एवढाच की सांधा जागेवर राहतो का." हे एमआरआयला सांगता येत नाही, कारण त्यात हात निपचित पडलेला असतो. म्हणून सी-आर्मखाली, चालू एक्स-रेवर, त्यांनी हात वाकवला, सरळ केला, तळवा खाली करून पुन्हा. मग म्हणाले, मूठ आवळा, जोर लावा. पडद्यावर ती फट माझ्या डोळ्यांदेखत मिटली. स्नायू सुस्तावले होते, म्हणून दिसत होती. हात पुरता सरळ व्हायला तीसेक अंश उरेपर्यंत सांधा हलला नाही.

ऑपरेशन टळलं. आठवड्याभरात स्प्लिंट (आधाराची पट्टी) काढून हालचाल सुरू केली. तीन आठवड्यांवर बांधून ठेवलं की कोपर आखडतं, हे त्यांनी मला तीनदा बजावलं, तरी पहिल्या दिवशी शिव्या मीच त्यांना घातल्या (मनात).

चवथीच्या आरत्यांना मी उजव्या हातानं पट्ट्या दाबल्या. भाता पुतण्यानं मारला, लयीच्या जरा पुढेच.