सावली धरून चालताना

मावशी मूळची नागपूरच्या महाल भागातली, लग्न होऊन मुंबईला गिरगावात गेली. त्यामुळे लहानपणीच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या म्हणजे विदर्भ एक्स्प्रेस, डब्यातल्या पुऱ्या आणि सकाळी सकाळी अंगाला चिकटणारी ती खारट हवा. नागपूरच्या पोरीला मुंबईत सगळ्यात जास्त कौतुक घामाचं. आमच्याकडे तो येतो आणि वाळूनही जातो, कळतच नाही.

तिथल्या गल्ल्यांत मी हमखास हरवायची. मावशीनं एकच युक्ती सांगितली होती, "दुपारनंतर वारा तोंडावर आला की समज चौपाटीकडे चालली. पाठीवर आला तर सी. पी. टँक." मग काय, मी मुद्दाम हरवायला लागले. एकदा अशीच खोताच्या वाडीत शिरले. मागे रस्त्यावर बसचा भोंगा चालू होता, चार वळणं घेतली आणि तो बंदच झाला. लाकडी घरं, बाहेरून चढणारे जिने, एका व्हरांड्यात वाळत घातलेली बनियनं आणि त्यांच्याखाली झोपलेलं मांजर. तेव्हा ती वाडी प्रसिद्ध आहे, लोक ती बघायला लांबून येतात, हे काही माहीत नव्हतं. एकेकाळी तिथे पासष्टच्या आसपास जुनी घरं होती, आता निम्मीसुद्धा राहिली नाहीत. मी पाहिली त्यांतली किती उरली असतील, हे मोजायला जायचं धाडस होत नाही.

आमच्या नागपुरात वाऱ्यावर भरवसा ठेवायची सोय नाही. समुद्र शेकडो किलोमीटरवर, आणि मे महिन्यात जे वाहतं त्याला वारा म्हणायचं म्हणजे भट्टीला पंखा म्हणण्यासारखं. इथे गल्ली शोधायची ती सावलीनं. महालातल्या, इतवारीतल्या जुन्या गल्ल्या इतक्या अरुंद का, हे शाळेत कोणी शिकवलं नाही. दुपारी तीनला दुपट्टा गुंडाळून एकदा चालून पाहिलं की पाय आपोआप शिकतात. दोन्हीकडे उंच भिंती, मध्ये जेमतेम एक गाय आणि एक सायकल जाईल एवढी वाट. ऊन कलायला लागलं की पश्चिमेकडच्या भिंतीशी हातभर गार पट्टा तयार होतो. तो धरून चालायचं. तो कुठे तुटतो, कुठे कडुलिंब पुढे सांभाळून घेतो, हे एकदा कळलं की बडकस चौकातून गांधी गेटपर्यंत उन्हात न येता जवळजवळ पोचता येतं. (जवळजवळच. शेवटच्या तुकड्यात भाजतंच.) एक अडचण मात्र आहे. 26 मेच्या आसपास सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. त्या घटकेला माझी सगळी विद्या बाद.

गांधी गेटचं जुनं नाव जुम्मा दरवाजा. पलीकडचा गांधीसागर म्हणजे शुक्रवारी तलाव, त्यालाच कोणी जुम्मा तलावही म्हणतं. एकाच वाराची ही दोन नावं. गावच वारांवर वसलेलं, इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शनिवारी. बाहेरगावच्या पाहुण्याला पत्ता सांगायला लागलो की त्याला वाटतं, भेटीचा दिवस ठरवून राहिलो.

खोताच्या वाडीत मला कोणी काही विचारलं नव्हतं. महालात मात्र फुकट फिरता येत नाही. दुसऱ्या वळणावर ओट्यावरून प्रश्न येतोच, "कोणाकडे जायचं, बाई?" कोणाकडेच नाही, नुसती फिरून राहिली, असं सांगितलं तर आजीबाई कीव येऊन पाणी देतात. तेही माठातलं, वाळ्याच्या वासाचं. मी आता दरवेळी खरंच सांगते.

अलीकडे तिकडचा एक रस्ता रुंद झाला. गाड्या सुटल्या, बरं झालं, मीही त्याच रस्त्यानं स्कूटी नेते. पण त्या वाटेनं दुपारी पायी जाणं बंद झालं. भिंती मागे सरकल्या तशी सावलीही सरकली.

गेल्या उन्हाळ्यात मावशी आली होती. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखतात, तरी भर दुपारी म्हणाली, "चल, माहेरची गल्ली दाखव." वाडा केव्हाच पडलाय, तिथे चार मजली इमारत आहे. ती मला माहीत होती, तिला सापडेना. तिठ्यावर ती थबकली, चेहरा वर केला, जरा थांबली. काहीच हललं नाही, झाडाचं पानही नाही.

"अगं, इथे कुठला वारा," असं स्वतःशीच म्हणत ती भिंतीला लगटली आणि पदर डोक्यावर घेऊन माझ्यापुढे चालायला लागली.